रानपिंगळ्याच्या मुलुखातील पहिली पक्षिसहल

सुटीचे बेत आखताना अलीकडे अनेक घरांतून एक नवीच मागणी पुढे येऊ लागली आहे. मुलांना समुद्रकिनारा नको असतो, थंड हवेचे ठिकाणही नको असते. त्यांना पक्षी पाहायचे असतात. घरात दुर्बीण येते, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजू लागतात आणि मग चर्चा उष्णकटिबंधातील देशांकडे वळते. कोणी श्रीलंकेचे नाव घेतो, कोणी थायलंडचे. फारच हौशी असला तर कोस्टा रिकाचे. हे आकर्षण समजण्यासारखे आहे. कोस्टा रिका हा देश महाराष्ट्राच्या सुमारे एकषष्ठांश आकाराचा, पण तेथे पक्ष्यांच्या नऊशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. तथापि खर्च, प्रवासाचा शीण आणि सर्वांत मुख्य म्हणजे जेवणाखाण्याची अडचण या तीन गोष्टींपाशी बहुतेक जैन कुटुंबांचा हा बेत अडतो व पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

या चर्चेत एक साधी गोष्ट विसरली जाते. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे एकविसाव्या अक्षांशाच्या आसपास आहेत. म्हणजे वऱ्हाडातला माणूस उष्णकटिबंधातच जन्मतो आणि तेथेच वाढतो. सातपुड्याचे सागवनही उष्णकटिबंधातील पानझडी अरण्यच आहे. आणि जगभरातील पक्षिनिरीक्षक ज्या एका छोट्याशा घुबडासाठी हजारो मैलांचा प्रवास करून भारतात येतात, ते घुबड परतवाड्याहून तास-दोन तासांच्या अंतरावरील जंगलात राहते. मध्य भारत सोडला तर पृथ्वीवर ते अन्यत्र कोठेही नाही. पहिल्या पक्षिसहलीसाठी परदेशाचे तिकीट काढण्यापूर्वी या शेजाऱ्याची ओळख करून घेणे अधिक उचित ठरेल.

एकशे तेरा वर्षांचे अज्ञातवास

रानपिंगळ्याची कथा विलक्षण आहे आणि सहलीला निघण्यापूर्वी ती मुलांना अवश्य सांगावी. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ओळखतो. पण हे गृहस्थ त्या काळातील भारतीय पक्ष्यांचे मोठे अभ्यासकही होते. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने पाठविलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविटचे नाव त्याला दिले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याला खानदेशात हा पक्षी काही वेळा आढळला. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीची नोंद थांबली. जगातील संग्रहालयांत मिळून त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने उरले आणि पक्षिशास्त्रज्ञ तो नामशेष झाला असावा असे मानू लागले.

यात आणखी एक गाठ बसली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश सैन्याधिकारी पक्षिसंग्राहक म्हणून मोठा नावाजलेला. गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली आपण रानपिंगळा मिळविला, असे त्याच्या संग्रहातील एका नमुन्याची चिठ्ठी सांगत होती. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला गेला आणि पुढील काळातील शोधाला चुकीची दिशा मिळाली. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा सत्य बाहेर आले. तो नमुना मुळात डेव्हिडसनचा होता. माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरला, त्याचे टाके उसवून त्यात नव्याने भरण केले आणि त्यावर खोटे स्थळ व खोटी तारीख चिकटवली. एका माणसाच्या चौर्याने आणि असत्याने एक जिवंत पक्षी अनेक दशके नकाशावरून पुसून टाकला होता. अणुव्रतांची नावे पाठ असलेल्या मुलांना याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरली ती खरी, जुनी ठिकाणे. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या ठिकाणांच्या शोधात निघाले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे भारतीय अभ्यासकांनी त्याचा माग घेत तोरणमाळ, मध्य प्रदेशातील काही जंगले आणि आपले मेळघाट येथे त्याची वस्ती शोधून काढली. मेळघाट हे त्याचे एक मोठे आश्रयस्थान ठरले.

इतकी वर्षे तो दिसला कसा नाही, असे कोणीही विचारील. वास्तविक हे घुबड रात्रीपेक्षा दिवसा अधिक जागे असते. हिवाळ्याच्या सकाळी सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात ते बसलेले असते, शेपटी हलवत खालच्या गवतातील सरडे-सापसुरळ्यांवर नजर ठेवून. पण आपल्या गावातील नेहमीचा पिंगळाही त्याच आकाराचा, त्याच्याच गोत्रातला. त्यामुळे पाहणारा फसतो. ओळखीची खूण डोक्यावर आहे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, छाती गडद तपकिरी आणि पोट स्वच्छ पांढरे असते. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि देहाच्या मानाने भक्कम. सहलीला निघण्यापूर्वी आपल्याच गावातील वडाच्या ढोलीतला पिंगळा चार संध्याकाळी नीट पाहून ठेवावा. ज्याने घरचा पिंगळा पाहिला नाही, त्याला रानातला ओळखता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा पक्षी पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ गटात होता. नवनव्या ठिकाणी आढळ होत गेल्याने २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ गटात आणण्यात आले. ही बातमी आनंदाची असली तरी धोका टळलेला नाही. जंगलतोड आणि अतिक्रमण ही कारणे आहेतच. शिवाय जादूटोण्यासाठी घुबडे पकडण्याचा निंद्य व्यापार देशात अजून चालतो आणि त्याला ऐन दिवाळीच्या सुमारास ऊत येतो. ज्या अमावास्येला आपण निर्वाणलाडू अर्पण करतो, त्याच अमावास्येसाठी कोठेतरी एखाद्या घुबडाचा सौदा होत असतो, ही वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपिंगळ्याला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे. कायदा कागदावर राहू नये यासाठी मात्र त्या पक्ष्याला ओळखणारी आणि त्याच्याविषयी आस्था असणारी माणसे हवीत. घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणाऱ्या गावांत शहरातील एखादे कुटुंब केवळ त्यालाच पाहण्यासाठी येते, तेव्हा त्या गावाच्या मनात काहीतरी हलल्यावाचून राहत नाही.

चातुर्मास संपल्यानंतर

आता बेताकडे वळू. पहिला प्रश्न केव्हा जावे हा. याचे उत्तर जैन पंचांगातच दडलेले आहे. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात, कारण पावसाळ्यात भूमी जीवजंतूंनी भरलेली असते. मेळघाटच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनफेऱ्याही पावसाळ्यात बंद असतात. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, विहार पुन्हा सुरू होतो आणि साधारण त्याच सुमारास हिमालयापलीकडचे पाहुणे वऱ्हाडच्या जलाशयांवर उतरू लागतात. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ पहिल्या सहलीसाठी सर्वोत्तम. त्यातही दोन तुकडे पडतात. डिसेंबर-जानेवारीत तलाव भरलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पाने टाकतो, पळस आणि सावर फुलतात आणि जंगलातील पक्षी उघड्यावर येतात. शाळेच्या वेळापत्रकामुळे बहुतेकांना पहिलाच तुकडा साधेल.

ज्यांना यापैकी काहीच साधत नाही, त्यांनी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा ध्यानात ठेवावा. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. त्या दिवसांत गावोगावचे पक्षिमित्र तलावांवर फेऱ्या काढतात आणि नवख्यांना आनंदाने सोबत घेतात. वनाधिकारी म्हणून चितमपल्लींच्या नोकरीचा काही काळ मेळघाटात गेला होता. पक्ष्यांची मराठी नावे एकत्र आणणारा त्यांचा ‘पक्षिकोश’ घरात असावा. परदेशी नावे पाठ करण्यापेक्षा भांगपाडी मैना, थिरथिरा, गप्पीदास, सुभग, नवरंग, टकाचोर ही नावे मुलांच्या तोंडी लवकर बसतात आणि नावातच पक्ष्याचे अर्धे वर्णन मिळते. भांगपाडी मैनेच्या डोक्यावरील काळा, चापून बसविलेला केशसंभार एकदा पाहिला की ते नाव आयुष्यभर विसरत नाही.

दुसरा प्रश्न जेवणाचा. येथे मात्र जैन कुटुंबाला इतरांपेक्षा सोपे जाते, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. पक्षी पाहण्याची उत्तम वेळ सूर्योदयापासूनचे दोन-अडीच तास. डिसेंबरअखेरीस वऱ्हाडात सूर्य सातच्या आत-बाहेर उगवतो. नवकारसीचे पच्चक्खाण करणारा माणूस सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात काही घालत नाही, म्हणजे न्याहारीच्या खोळंब्याशिवाय तो पहिल्या उजेडातच दुर्बीण घेऊन बाहेर पडू शकतो. इतर पर्यटक चहाची वाट पाहत असतात तोवर भृंगराजाची मैफल संपलेली असते. संध्याकाळी पक्षी निवाऱ्याला जातात तेव्हा सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून मुक्कामी परतावे. रात्री जंगलात हिंडण्याची मुभा तशीही नसते. अर्थात संध्याकाळचे जेवण पाचच्या सुमारास हवे, कांदा-लसूण व कंदमुळे नकोत, ही गोष्ट वनविश्रामगृहातील स्वयंपाक करणाऱ्यांना आदल्या दिवशीच स्पष्ट सांगितली पाहिजे. तेथील माणसे साधी असतात, सांगितले तर मनापासून करतात. पण आयत्या वेळी सांगितले तर त्यांच्याजवळ बटाट्याखेरीज दुसरे काही नसते. सोबत दशम्या, खाकरा, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा आणि उकळून गार केलेले पाणी असले की दिवसभराची चिंता मिटते. रिकामी पिशवी, कागद, सालेसुद्धा जंगलात टाकू नयेत.

तिसरी गोष्ट दुर्बीण. तिच्यावर ८×४२ असे आकडे लिहिलेले असावेत. पहिला आकडा वस्तू आठपट जवळ दिसते हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट किंवा बारापट दुर्बिणीचा मोह दुकानात हमखास होतो; पण हात किंचित हलला तरी तिच्यात चित्र थरथरते आणि लहान मुलांना तर पक्षी सापडतच नाही. चौघांत दोन दुर्बिणी पुरतात. कपडे मातकट किंवा पानांच्या रंगाचे असावेत. याहून अधिक सामानाची जरूर नाही. मोठ्या भिंगाचा कॅमेरा तर पहिल्या सहलीला नसलेलाच बरा. ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याला पक्ष्याऐवजी छायाचित्रच दिसू लागते.

मुक्तागिरीहून मेळघाटात

अमरावतीहून निघणाऱ्यांनी पहिला मुक्काम मुक्तागिरीला ठेवावा. परतवाड्यापासून जवळच, पण मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत असलेल्या या सिद्धक्षेत्रावरील ५२ मंदिरे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. मेंढ्याला अंतसमयी णमोकार मंत्र ऐकविणाऱ्या मुनींची कथाही सर्वांना ठाऊक आहे. मात्र बहुतेक यात्रेकरू दर्शन घेऊन, पायऱ्या उतरून, भोजनशाळेत जेवून दुपारीच परत फिरतात. एक रात्र धर्मशाळेत राहून पहाटे निघाले तर तोच डोंगर वेगळा दिसतो. धबधब्याच्या दरीत उन्हाची पहिली तिरीप उतरताना मोरांची केका सुरू होते. दगडांवर थिरथिरा शेपटी कापत बसलेला असतो; हा एवढासा पाखरू दूर उत्तरेतून हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो. उंबर-पिंपळाला फळे आली असतील तर हरियलांचा थवा हमखास भेटतो. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबूतर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, आणि पानांत असे मिसळून जाते की झाडावर वीस असले तर मोजता येतात पाच. वाटेत मोरपीस दिसले तर ते उचलण्याचा मोह आवरावा. दिगंबर मुनींच्या पिच्छीसाठी मोराने आपोआप गाळलेली पिसेच का घेतात, हे मुलांना समजावून देण्यास याहून चांगली जागा नाही.

पायऱ्यांवर एक व्यावहारिक सूचना. आपल्या घरांतून खाली पाहून, जीव वाचवून चालण्याचे वळण असते आणि पक्षी मात्र वर असतात. दोन्ही एकदम करू गेले की पाय मुरगळतो. चालताना चालावे, पाहताना थांबावे.

मुक्तागिरीहून मेळघाट फार दूर नाही. घाटांचा मेळ तो मेळघाट. खापरा, खंडू, सिपना, गडगा आणि डोलार या तापीला मिळणाऱ्या नद्यांनी हा प्रदेश कोरून काढला आहे. १९७३-७४ मध्ये देशात प्रथम जे नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होते. सेमाडोह आणि कोलकास येथे वनविभागाची निवासव्यवस्था आहे. सिपनेच्या काठचे कोलकास अधिक शांत. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची येथे नोंद आहे. एवढ्या सगळ्या पहिल्या भेटीत दिसाव्यात अशी अपेक्षा धरणे म्हणजे एका दिवसात सम्मेदशिखराच्या सर्व टोंका दोनदा करण्यासारखे आहे. साठ-सत्तर जाती नीट पाहून झाल्या तरी सहल सुफळ झाली असे समजावे.

येथे वाघ पाहायला येणारे आणि पक्षी पाहायला येणारे यांच्यात एक मूलभूत भेद पडतो. वाघासाठी गाडी धावत असते. पक्ष्यासाठी ती थांबावी लागते. जिप्सीत बसतानाच चालकाला आणि वाटाड्याला सांगावे की वाघ दिसला नाही तरी तक्रार नाही, मात्र पाणवठ्यावर अर्धा तास इंजिन बंद ठेवून बसायचे आहे. अशा बसण्यात जंगल हळूहळू पूर्ववत होते. आधी सातभाईंचा कलकलाट, मग सोनपाठी सुताराची ठकठक, मग कोठूनतरी स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी फीत पाण्यावर उतरते. आकाशात सर्पगरुडाची शीळ ऐकू येते. टुईयांचा थवा डोक्यावरून बाणासारखा जातो.

वाटाड्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. मेळघाटचे नाव शहरी वाचकाला बहुधा कुपोषणाच्या बातम्यांतूनच भेटते. हा कोरकू लोकांचा प्रदेश आहे. व्याघ्रप्रकल्पासाठी कोहा, कुंड, बोरी यांसारखी गावे जंगलातून उठून खाली वसली. गावे उठली त्या जागी आता गवताळ कुरणे आहेत आणि प्रवासी त्या कुरणांवर हरणे व पक्षी पाहून हरखून जातात. त्या आनंदाची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. म्हणून वाटाड्याची दक्षिणा देताना घासाघीस करू नये, आणि शहरातून जाणकार सोबत नेला असला तरी स्थानिक कोरकू तरुणाला घेतल्यावाचून जंगलात शिरू नये. त्याला पक्ष्याचे शास्त्रीय नाव कदाचित सांगता येणार नाही, पण कोणत्या ओढ्याच्या वळणावर तो किती वाजता येतो हे अचूक सांगता येते.

रानपिंगळा दिसला तर? आनंदाचा हा क्षण त्या पक्ष्यासाठी धोक्याचाही असतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची एक घातक सवय पर्यटकांत पसरली आहे. आवाज ऐकून पक्षी समजतो की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो शिकार सोडून, अंडी-पिले सोडून धावत येतो आणि प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो. दिवसातून चार गाड्यांनी हा खेळ केला तर त्याचे घरटे उघडे पडते. काठीने मारणे तेवढीच हिंसा नव्हे, याचा प्रत्यय येथे येतो. प्रकाशझोत टाकू नये, ढोलीजवळ जाऊ नये, आणि छायाचित्र घेतलेच तर नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. घुबडांचे व्यापारीही ती माध्यमे वाचतात. धान्य टाकण्याचा मोहही टाळावा. पाखरांना दाणे घालण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आणि भूतदयेची आहे. परंतु दाणे वेचणारे पक्षी वेगळे आणि मेळघाटातील किडे, फळे, सरडे यांवर जगणारे वेगळे. रानातल्या पाखराला आपल्याकडून अंतराखेरीज दुसरे काही नको असते.

रानपिंगळा दिसला नाही, तर चिखलदऱ्याला एक दिवस द्यावा. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या गावात कॉफीची लागवड आहे आणि दऱ्यांच्या कडेने पायी फिरता येते. कड्यावर उभे राहिले की घारी आणि गरुड खालून उडताना दिसतात. पक्ष्याची पाठ वरून पाहण्याचे सुख सपाटीवरच्या माणसाला विरळाच.

अकोल्याच्या बाजूने जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा. अकोटहून शहानूर आणि तेथून नरनाळा किल्ला. तटबंदीच्या झाडोऱ्यात हळद्या, निखार, राखी धनेश असे रंगीत पक्षी दिसतात आणि इतिहासाची आवड असलेल्या आजोबांनाही कंटाळा येत नाही. अकोल्याहून अकोट मार्गे खांडव्याला जाणारी जुनी मीटरगेज गाडी याच जंगलातून धुळघाटची वळणे घेत जात असे. रुंदीकरणासाठी ती बंद झाली, तेव्हा नवा मार्ग व्याघ्रप्रकल्पाबाहेरून न्यावा असा आग्रह निसर्गप्रेमींनी धरला. गाडी हवी आणि जंगलही हवे, अशी ती ओढाताण होती.

शहरापासून फार दूर जाणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी जलाशय आहेत. अमरावतीत छत्री तलाव आणि वडाळी. थोडे पुढे मालखेड. मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणाचे अफाट पाणी. अकोल्याजवळ कापशीचा तलाव आणि महानचे काटेपूर्णा धरण. अकोल्याच्या नळाला ज्या धरणाचे पाणी येते त्याच्याच काठी अभयारण्य आहे, हे अनेक अकोलेकरांना ठाऊक नसते. या पाण्यांवर हिवाळ्यात तलवार बदके, थापट्या, पट्टकदंब हंस उतरतात, आणि चक्रवाक. नारिंगी-तपकिरी रंगाचे हे देखणे बदक तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येते. जोडीने राहते, आणि त्याची ‘आँग आँग’ अशी साद पाण्यावरून दूरवर ऐकू येते. दिगंबर परंपरेत पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे लांछन चकवा, म्हणजे हाच पक्षी. श्वेतांबर परंपरेत ते क्रौंच मानले जाते. चौदावे तीर्थंकर अनंतनाथ यांचे लांछनही श्वेतांबर परंपरेत पक्षीच आहे, श्येन. दिगंबर परंपरेत मात्र साळिंदर. मंदिरातील पाषाणावर लहानपणापासून पाहिलेली आकृती पाण्यावर जिवंत तरंगताना पाहणे हा अनुभव कोणत्याही परदेशी सहलीत मिळणारा नाही.

तणमोराविषयी केवळ एक वाक्य, आणि तेही नकाराचे: त्याला शोधायला जाऊ नये. अकोला-वाशीमच्या माळरानांवर पावसाळ्यात येणारा हा लहानसा माळपक्षी गवतातून उड्या मारत मादीला साद घालतो. २०२१ पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो. ज्या फासेपारधी समाजाची ओळख एके काळी फाशांनीच होत असे, त्याच समाजातील माणसे ‘संवेदना’ या संस्थेच्या कामातून आज ही माळराने आणि हा पक्षी राखत आहेत. कारंजाच्या प्राचीन जैन मंदिरांच्या दर्शनाला हिवाळ्यात गेल्यास जवळच्या सोहोळ काळवीट अभयारण्याच्या गवतावर तरंगणारे भोवत्या, चंडोल आणि नीळकंठ पाहावेत. माळरानाचा परिचय तेवढ्यानेही होतो.

प्रत्येक संध्याकाळी, जेवण आटोपल्यावर आणि प्रतिक्रमणापूर्वी, दिवसभरातील पक्ष्यांची यादी एका वहीत लिहावी: तारीख, ठिकाण, वेळ, पक्षी, संख्या. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे आणि ते तसेच राहू द्यावे. माइनर्ट्झहागेनच्या चिठ्ठीवर एक प्रश्नचिन्ह असते तरी पुष्कळ श्रम वाचले असते. परतल्यावर ही यादी जवळच्या पक्षिमित्रांना दाखवावी. आरक्षण करताना सुटीच्या आठवड्यातील कोलकासच्या खोल्या फार आधी भरतात हे लक्षात घ्यावे, आणि जानेवारी-फेब्रुवारीतील मधल्या वाराच्या तारखा मिळाल्या तर त्या अधिक पसंत कराव्यात. मात्र चक्रवाक पाहायचे असतील तर होळीच्या पुढे बेत नेऊ नये. तोवर ते परत निघालेले असतात.